अलिबाग परिसरातील पर्यटन

अलिबाग हे महाराष्ट्राच्या कोकण किनारपट्टीवरील शहर असून रायगड जिल्ह्याचे मुख्यालय आहे. १ जानेवारी १९८१ पूर्वी या जिल्ह्याचे नाव कुलाबा असे होते. ते अलिबागसमोरच्या समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्यावरून पडलेले होते. मुंबईपासून रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर आणि जलमार्गाने त्याहून बरेच जवळ असल्यामुळे अलिबाग व त्याच्या उत्तर-दक्षिणेची गावे सहलीसाठी प्रसिद्ध आहेत. बहुतेक पर्यटक समुद्रकिनारा आणि किल्ला पाहून परततात. परिसराचे खरे वैशिष्ट्य मात्र गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवर वसलेल्या वस्तीत आहे. येथील तळी, पुष्करण्या, विहिरींवर पोसलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या, बांध घालून समुद्राकडून मिळवलेली भातशेती आणि तेथील खाद्यपदार्थ यांचा एकमेकांशी थेट संबंध आहे.

नाव

अलिबाग या नावाविषयी दोन परंपरा सांगितल्या जातात. पहिलीनुसार अली नावाच्या एका धनिकाने येथे विहिरी खोदून बागा लावल्या, म्हणून हे गाव ‘अलीची बाग’ म्हणून ओळखले जाऊ लागले. दुसरी परंपरा बेने इस्राएल समाजात प्रचलित असून तीनुसार बागेचा मालक एली नावाचा ज्यू गृहस्थ होता. मालकाविषयी मतभेद असला तरी दोन्ही कथांत गावाची सुरुवात बागेपासून होते, आणि बागेला गोडे पाणी लागते. समुद्राच्या इतक्या जवळ ते मिळणे हेच वस्तीचे कारण ठरले असावे.

मराठी बोलण्यात ‘अलिबागहून आलास का?’ हा वाक्प्रयोग भोळ्या किंवा अजाण माणसास उद्देशून केला जातो. त्यावर बंदी घालावी अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात करण्यात आली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली.

कुलाबा किल्ला

किनाऱ्यापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, खडकाळ बेटावर हा किल्ला उभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले व संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात हा किल्ला मराठी आरमाराचे प्रमुख केंद्र बनला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन त्यावर मोहीम काढली, परंतु त्यांना यश आले नाही. कान्होजींचा मृत्यू १७२९ मध्ये झाला. त्यांची समाधी अलिबाग शहरात आहे. किल्ल्याकडे धावणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोडे तेथे जातात.

तटाचे बांधकाम पाहण्यासारखे आहे. मोठमोठे दगड एकावर एक नुसते रचलेले असून सांध्यांत चुना भरलेला नाही. लाटेचे पाणी दगडांमधील फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच मोडतो, असे याचे कारण सांगितले जाते. किल्ल्याला १७ बुरूज आहेत. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. ते राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधले असून त्यात गणपतीसह सांब, विष्णू, सूर्य व देवी यांचे पंचायतन आहे. उत्तरेकडे तटाजवळ गाड्यांवर चढवलेल्या दोन इंग्रजी बनावटीच्या तोफा असून त्यांवर यॉर्कशायरमधील लो मूर लोखंड कारखान्याचे नाव कोरलेले आहे. किल्ल्याच्या उत्तरेस सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला आहे.

मंदिरासमोर पायऱ्या असलेली गोड्या पाण्याची पुष्करणी असून आत गोड्या पाण्याची विहीरही आहे. चारी बाजूंनी समुद्र असताना गोडे पाणी कसे, हा प्रश्न येथे आलेल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पडतो. पावसाचे पाणी तटाच्या आतील जमिनीत आणि तळ्यात मुरते व साठते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते जमिनीखालील खाऱ्या पाण्यावर थरासारखे तरंगत राहते. किल्ल्यातील शिबंदीने वेढ्याच्या काळात तग धरण्याचे रहस्य तोफांइतकेच या पाण्यात होते.

भरती-ओहोटी आणि तिथी

कुलाबा किल्ल्यावर ओहोटीच्या वेळी चालत आणि एरवी होडीने जाता येते. भरती-ओहोटी दिवसातून प्रत्येकी दोनदा होते व तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरील लोक यासाठी एक सोपा हिशेब वापरतात. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, त्यामुळे भरती दुपारच्या आसपास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी असते.

वेळेइतकेच पाण्याच्या उंचीला महत्त्व आहे. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते. तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच दूर हटते. मुंबई-अलिबाग किनाऱ्यावर हा फरक चार मीटरांहून अधिक असू शकतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, त्या वेळी पाणी फार चढत नाही आणि ओहोटीलाही पूर्ण हटत नाही. म्हणून अष्टमीची दुपार वेळेच्या दृष्टीने सोयीची वाटली तरी किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहू शकते. किल्ल्यात रमलेल्या पर्यटकांभोवती पाणी भरून ते अडकण्याचे प्रकार याच वाटेवर घडतात. पाणी मागून नव्हे तर दोन्ही बाजूंनी येते, आणि मधला सखल भाग सर्वांत आधी बुडतो. परतीची वेळ आधी ठरवून मगच किल्ल्यात जावे, असे स्थानिक कोळी सांगतात. पावसाळ्यात ही वाट टाळणेच योग्य.

शहरातील स्थळे

हिराकोट हा कान्होजी आंग्रे यांनी १७२० मध्ये बांधलेला भुईकोट शहरातच आहे. पुढे त्याचा उपयोग तुरुंग म्हणून होऊ लागला, त्यामुळे तो आतून पाहता येत नाही. त्याच्या शेजारचा हिराकोट तलाव मात्र सर्वांसाठी खुला आहे. सायंकाळी किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी झाली की अलिबागकर या तलावाच्या काठी फिरायला येतात.

किनाऱ्याजवळची भूचुंबकीय वेधशाळा ही शास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाची जागा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे स्पष्ट झाल्यावर त्यांच्या प्रवाहामुळे नोंदी बिघडतील, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले व नवी जागा म्हणून अलिबागची निवड झाली. येथील इमारतीत लोखंडाचा वापर टाळण्यात आला. १९०४ पासून येथे नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत त्या मुंबईतही समांतर घेण्यात आल्या, जेणेकरून जुनी व नवी मालिका जोडता यावी. या दूरदृष्टीमुळे जगातील सर्वांत दीर्घ सलग चुंबकीय नोंदींपैकी एक मालिका अखंड राहिली. वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत असून ती पाहण्यासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

इस्राएल आळीत बेने इस्राएल समाजाचे मागेन आबोथ हे प्रार्थनास्थळ आहे. ते १८४८ मध्ये उभारले गेले व १९१० मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागच्या उत्तरेस नवगाव येथे किनाऱ्याला लागले आणि त्यांपैकी सात जोडपी वाचली. तेलाच्या घाण्याचा व्यवसाय करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगावी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले जाई. किहीमकर, नवगावकर, थळकर, चौलकर अशी त्यांची आडनावे या किनाऱ्याचा नकाशाच सांगतात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. आळीचे नाव राहिले.

उत्तरेचा किनारा

शहराला लागून वरसोली, पुढे थळ, नवगाव, किहीम, आवास, सासवणे आणि मांडवा अशी गावे आहेत. वाळूचे किनारे आणि सुरूची बने सर्वत्र थोड्याफार फरकाने सारखीच असल्याने त्यांचे स्वतंत्र वर्णन आवश्यक नाही. गर्दी नको असल्यास शहरापेक्षा ही गावे बरी.

थळसमोर खांदेरी व उंदेरी ही दोन दुर्गबेटे आहेत. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधाला न जुमानता खांदेरीची तटबंदी उभारली. मुंबई बंदराच्या तोंडावर मराठ्यांची चौकी बसल्यामुळे इंग्रजांना ती सतत खुपत राहिली. सिद्दीने प्रत्युत्तर म्हणून शेजारचे उंदेरी बळकावले. खांदेरीवर १८६७ पासून दीपगृह आहे. वेताळाचे मंदिर कोळ्यांचे श्रद्धास्थान आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात समाविष्ट केलेल्या १२ मराठा दुर्गांत खांदेरीचा समावेश आहे. कुलाबा किल्ला त्या यादीत नाही.

किहीम येथे पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या विणीचे निरीक्षण केले. त्या वेळी त्यांना नोकरी नव्हती आणि ते या गावातील कौटुंबिक घरात राहत होते. सुगरण नर अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तर ताबा घेते, मग नर ते पूर्ण करून दुसरे विणायला घेतो, हा क्रम त्यांनी येथे नोंदवला. ज्याला मराठीत ‘सुगरण’ असे स्त्रीलिंगी नाव आहे, त्याचे विणकाम नर करतो, हे बहुतेकांना आजही नवलाचे वाटते.

सासवणे हे शिल्पकार विनायक पांडुरंग उर्फ नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) यांचे गाव. पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी घडवला. त्यांच्या घरातील संग्रहालयात राजकीय पुढाऱ्यांच्या पुतळ्यांबरोबरच गावातील माणसे आणि जनावरे यांची शिल्पे आहेत. मोठ्या पुतळ्यांपेक्षा हीच अधिक जिवंत आहेत.

तळी आणि पुष्करण्या

मापगावजवळच्या सुमारे बाराशे फूट उंच डोंगरावरील कनकेश्वर हे प्राचीन शिवमंदिर आणि त्यासमोरील दगडी पुष्करणी हे परिसरातील सर्वांत सुंदर जलस्थळ म्हणता येईल. वर जाण्यासाठी सातशेच्या आसपास दगडी पायऱ्या असून त्या आंग्रेकाळात बांधल्या गेल्या. चढण दमवणारी आहे, पण वाट झाडीतून जाते. डोंगरमाथ्यावर भर उन्हाळ्यातही पुष्करणीत पाणी असते.

अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर चौल आणि रेवदंडा ही जोडगावे आहेत. चौल हे प्राचीन बंदर असून टॉलेमीच्या ग्रंथात त्याचा उल्लेख सिमुल्ला असा येतो. अरब लेखक त्यास सैमूर म्हणत. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी आणि १४६९ मध्ये रशियन व्यापारी अफनासी निकितिन येथे येऊन गेले. निकितिनचे स्मारक रेवदंड्यात आहे. बंदर गाळाने भरले, व्यापार मुंबईकडे गेला, आणि आज चौल हे वाड्यांमध्ये लपलेले शांत खेडे आहे. येथे ३६० मंदिरे आणि ३६० तळी होती असे परंपरेने सांगितले जाते. आकडा वर्षाच्या दिवसांशी जुळवलेला दिसतो, परंतु गावातून फिरताना घरामागे, देवळासमोर, पोफळीच्या सावलीत एकामागून एक लागणारी बांधीव तळी पाहिली की तो कशावरून सुचला असेल हे कळते.

यांपैकी रामेश्वर मंदिराची पुष्करणी सर्वांत प्रसिद्ध आहे. मंदिराच्या आवारात पर्जन्यकुंड, वायुकुंड व अग्निकुंड अशी तीन कुंडे असून ती एरवी बंद असतात. अवर्षण पडल्यास पर्जन्यकुंड विधिपूर्वक उघडण्याची प्रथा होती. पावसावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या गावाची ती शेवटची विनवणी होती. जवळच्या टेकडीवर दत्तमंदिर असून मार्गशीर्ष पौर्णिमेपासून तेथे मोठी यात्रा भरते.

रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधला व १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. आजचे गाव कोटाच्या भिंतींच्या आतच नांदते. ‘सातखणी’ नावाचा मनोरा दुरूनही दिसतो. खाडीपलीकडे मुरूड तालुक्यात कोर्लई आहे. तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून घडलेली, ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आमची भाषा’ या नावाने ओळखली जाणारी बोली अद्याप बोलली जाते.

अक्षीचा शिलालेख

अलिबाग-रेवदंडा मार्गावरील अक्षी गावातील शिलालेख मराठी भाषेच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. त्यावर सूर्य-चंद्र कोरलेले असून केसिदेवराय या राजाचा आणि भइर्जू सेणुई या त्याच्या प्रधानाचा उल्लेख आहे. त्यातील काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला जातो. श्रवणबेळगोळ येथील मराठी लेखाच्या काळाविषयी वाद असल्यामुळे अनेक अभ्यासक अक्षीच्या लेखास आद्य मराठी शिलालेख मानतात. अक्षीच्या शकाच्या वाचनावरही सर्वांचे एकमत नाही. मराठीच्या प्राचीनत्वाविषयी मोठमोठी भाषणे होत असताना हा दगड कित्येक वर्षे रस्त्याकडेला ऊनपावसात उभा होता.

वाड्या आणि विहिरी

अक्षी, नागाव, चौल, थळ ही गावे अष्टागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात येतात. आगर म्हणजे बाग. आठ गावांच्या याद्यांत थोडाफार फरक आढळतो. समुद्रालगतच्या वाळूच्या उंचवट्यामागे नारळ व सुपारीच्या दाट वाड्या असून प्रत्येक वाडीत विहीर असते. पूर्वी बैलाने फिरणाऱ्या रहाटाने पाणी उपसले जाई आणि दगडी पाटांतून झाडांना दिले जाई. अनेक वाड्यांत हे पाट अजून दिसतात.

किल्ल्यातील पुष्करणीला लागू असलेला नियमच या विहिरींना लागू आहे. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. समतोल असताना समुद्रसपाटीपेक्षा गोड्या पाण्याची पातळी एक मीटर वर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. याचा व्यस्त अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. उपशामुळे वरची पातळी थोडीशी जरी खाली गेली, तरी खालचे खारे पाणी त्याच्या कित्येक पट वर सरकते. रहाटाने दिवसभरात निघणारे पाणी रात्रीत भरून येत असे. विजेचे पंप आणि कूपनलिका यांना ती मर्यादा नाही. वाड्यांच्या जागी जलतरण तलाव असलेले बंगले आणि निवासगृहे उभी राहत असताना हा हिशेब पर्यटन व्यवसायालाच पुढे जड जाऊ शकतो, कारण एकदा खारी झालेली विहीर गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात.

खारेपाट

कार्लेखिंडीच्या पूर्वेस, पोयनाडच्या बाजूला धरमतर खाडीपर्यंत पसरलेल्या सखल प्रदेशाला खारेपाट म्हणतात. पर्यटक येथून अलिबागकडे जातात, पण क्वचितच थांबतात. ही जमीन भरतीच्या पाण्याखाली जाणारी होती. मातीचे बांध घालून तिच्यात समुद्र शिरू न देणे आणि पावसाचे पाणी ‘उघाडी’ नावाच्या दारांतून ओहोटीच्या वेळी बाहेर सोडणे, अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या आगरी शेतकऱ्यांनी ती भातशेतीखाली आणली. पावसाने माती धुऊन क्षार कमी झाले की एकच पीक, भात, घेता येते. बांध फुटून खारे पाणी आत आले की शेत नापीक होते, आणि डागडुजीस उशीर झाल्यास तेथे कांदळवन माजते. पूर्वी बांधांची दुरुस्ती गावकरी श्रमदानाने करीत. पुढे हे काम सरकारी खार जमीन विकास योजनांकडे गेले व त्यासाठी १९७९ चा कायदाही झाला. बांध फुटल्याच्या तक्रारी मात्र थांबलेल्या नाहीत.

याच प्रदेशातील चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांचा संप सुरू झाला. खोतांना द्याव्या लागणाऱ्या धान्याच्या जाचाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २५ गावांतील शेतकऱ्यांनी जमीन कसणेच थांबवले. संप सुमारे सहा वर्षे चालला. स्वतःच्या हाताने समुद्राकडून मिळवलेली शेते ओसाड ठेवून लोक मोलमजुरीवर आणि रानातील लाकूडफाट्यावर जगले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चरीला भेट दिली. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणाऱ्या कायद्यानंतर संप मिटला. तो भारतातील सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या शेतकरी संपांपैकी एक मानला जातो. गावात त्याचे स्मारक आहे.

खाद्यपदार्थ

खारेपाटातील गावोगावी पावसाचे पाणी साठवणारी तळी आहेत. शहापूर, धेरंड या भागात अनेक घरांची स्वतःची तळी असतात आणि त्यांत जिताडा पाळला जातो. जिताडा (लॅटेस कॅल्कॅरिफर) खाऱ्या व गोड्या दोन्ही पाण्यांत जगणारा मासा आहे. त्याची वीण खाऱ्या पाण्यात होते. पावसाळ्यात लहान पिल्ले खाडीतून आत येतात, तेव्हा ती पकडून तळ्यात सोडतात. मासा मांसभक्षी असल्याने त्याला छोटे मासे लागतात. आणखी एक विशेष म्हणजे हे मासे आरंभी नर असतात व मोठे झाल्यावर मादी होतात. दोन-तीन वर्षे वाढवलेला जिताडा लग्नकार्याला किंवा मानाच्या पाहुण्यासाठी काढला जातो. त्याचे पांढरे, मऊ, गोडसर मांस आणि मोजकेच काटे यांमुळे त्याला पापलेटाहून वरचे स्थान देणारे लोक या भागात पुष्कळ आहेत. खाणावळीत तो नेहमी मिळेलच असे नाही.

समुद्रावरील मासळीत पापलेट, सुरमई यांना पर्यटकांची मागणी असते. स्थानिक घरांतले जेवण मात्र बोंबील, मांदेली, करंदी, चिंबोऱ्या आणि ओहोटीला खडकांवरून फोडून आणलेली कालवे यांवर चालते. ही कालवे गोळा करणे हे बहुधा बायकांचे काम असून त्यांच्या कामाचे तास घड्याळावर नव्हे तर तिथीवर ठरतात. मासळीचे आंबट-तिखट कालवण, तांदळाची भाकरी व भात हा नेहमीचा बेत आहे. आगरी व कोळी घरांतील मसाले वेगवेगळे असून वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करून ठेवतात. किनाऱ्यावर बांबूंच्या चौकटींवर बोंबील आणि अंगणात जवळा वाळताना दिसतो. पर्यटक त्या वासाने नाक दाबतात, पण पावसाळ्यातील जेवण त्यावर अवलंबून असते. पहिल्या मोठ्या पावसात प्रवाहाविरुद्ध शेतात चढणाऱ्या माशांना ‘वलगणीचे मासे’ म्हणतात. अंडी भरलेले हे मासे चवीला फार नावाजलेले आहेत. ऐन विणीच्या वेळी ते पकडल्याने पुढची पैदास घटते, ही गोष्टही तितकीच खरी.

भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर दोन पिके घेतली जातात आणि त्यांतून परिसराचे दोन नामांकित पदार्थ येतात. पहिले पीक वालाचे. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावली जाते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर मीठ व ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, आणि मसाला लावलेले कोंबडीचे मांस रचतात. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करून मडके जमिनीवर पालथे घालतात व भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या पेटवतात. पाणी किंवा तेल घालत नाहीत; सर्व काही पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर शिजते. मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून ते चुरचुरले की पोपटी झाली असे समजतात. हा पदार्थ शेतातच, रात्री, अनेकांनी मिळून करण्याचा आहे. आता हॉटेलांतही तो मिळतो. त्यात शेत नसते एवढेच. वाळवलेल्या कडव्या वालांना मोड आणून सोलून केलेले बिरडे वर्षभर होते आणि या जिल्ह्यातील चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत त्याला विशेष मान आहे.

दुसरे पीक पांढऱ्या कांद्याचे. कार्ले, खंडाळे, नेहुली, सहाण, वाढाव, वेश्वी आदी गावांत तो होतो. चवीला गोडसर व कमी तिखट असल्याने तो कच्चा खाल्ला जातो. काढलेला कांदा वाळवून त्याच्या पातीची वेणी घालून माळा बनवतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस त्या रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. २०२१ मध्ये अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले. इतर भागांतील पांढरा कांदा अलिबागच्या नावाने विकला जात असल्यामुळे उत्पादकांसाठी ते आवश्यक झाले होते. हंगामापूर्वी किंवा हंगाम संपून बराच काळ लोटल्यावर मुबलक दिसणारी माळ संशयास्पद समजावी.

बेने इस्राएल समाजाचा मलिदा हा गोड केलेले पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा प्रसाद असून एलिया संदेष्ट्याच्या नावाने होणाऱ्या विधीत तो ठेवला जातो. बाजारात तो मिळत नाही. हिब्रू प्रार्थना आणि कोकणातील पोहे एका ताटात आणणारा हा पदार्थ या किनाऱ्याचा इतिहास कोणत्याही फलकापेक्षा थोडक्यात सांगतो.

प्रवास आणि ऋतुमान

रस्त्याने मुंबई-गोवा महामार्गावरील वडखळ येथून अलिबागकडे वळावे लागते. सर्वांत जवळचे सोयीचे रेल्वे स्थानक पेण आहे. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्यापर्यंत प्रवासी बोटी जातात व पुढे अलिबागसाठी बस मिळते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी, वाहनेही नेणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. त्यामुळे मुंबईकरांना आपली गाडी थेट किनाऱ्यावर आणणे सोपे झाले, आणि शनिवार-रविवारी अलिबागच्या अरुंद रस्त्यांवरील कोंडीही वाढली.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ फिरण्यास सर्वांत अनुकूल असून पोपटीसाठी डिसेंबर-जानेवारी योग्य. पावसाळ्यात गेटवेहून सुटणाऱ्या बोटी बंद असतात. खोल समुद्रातील मासेमारीवरही साधारणपणे १ जूनपासून दोन महिने बंदी असते. त्या काळात खाणावळीतील बरीचशी ‘ताजी’ मोठी मासळी शीतगृहातील असते. याच दिवसांत सागरगडाच्या वाटेवरील धोंधाण्याचा धबधबा वाहू लागतो, खारेपाटात लावणी चालते आणि चौलची तळी काठोकाठ भरतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोळी पुन्हा होड्या लोटतात.